डाव्या डोळ्याचा थेंब

टोलेडोला इथले लोक काचेचं शहर म्हणतात.
अकरा वर्षं मी इथे काच बघितली.
काचेतून नव्हे, काचच.
गाड्यांच्या दर्शनी काचा पट्ट्यावरून सरकत यायच्या
आणि मी त्यांतले बुडबुडे हुडकायचो,
मोहरीएवढे, खसखशीएवढे.
पलीकडे वांडा उभी असायची. म्हणायची,
घारीचे डोळे आहेत तुझे.

त्या डोळ्यांना झाला काचबिंदू.
मराठीनेच केलेली थट्टा ही,
वांडाला काय समजावणार.

ऑगस्टात पट्टा थांबला.
प्रत्येकाला केकचा एक तुकडा, सामानाला एक खोकं,
आणि तिसऱ्या आठवड्यात पत्र:
तोच विमा पुढे हवा तर महिन्याला एकोणीसशे डॉलर.
त्या सोयीचं नाव कोब्रा.
मंदाकिनीने पत्र दोन बोटांत धरून
ड्रॉवरमध्ये टाकलं.
तेव्हापासून त्या ड्रॉवरातले चमचे आम्ही काढत नाही.

गरिबांसाठी वेगळी योजना आहे.
खिडकीतल्या बाईने बेरीज केली, पुसली, पुन्हा केली.
माझा बेकारभत्ता,
अधिक शाळेच्या कँटीनमधले मंदाकिनीचे तास.
एक्केचाळीस डॉलरने आम्ही श्रीमंत निघालो.
बाई म्हणाली, सॉरी.
तिला खरंच वाईट वाटलं असावं,
कारण मला तिने तिचं पेन देऊन टाकलं.

बाटली अडीच मिलिलिटरची.
वडिलांची अत्तराची कुपी याहून मोठी होती.
रोज रात्री उजव्यात एक, डाव्यात एक,
असं डॉक्टरने सांगितलेलं, विमा होता तेव्हा.
मग एक दिवसाआड.
मग नुसता उजव्यात.
डाव्याकडे मी काणाडोळा केला.
(हीसुद्धा थट्टा तिचीच.)

दुखत काहीच नाही, हीच तर अडचण.
हा आजार कडेकडेने खातो,
पोळी खाणाऱ्या पोरासारखा,
मधला मऊ घास शेवटी.
आधी दाराची चौकट गेली,
मग डावीकडून येणारी सायकल,
मग ताटातलं मीठ.

इस्लामपूरहून अक्काचा फोन.
अरे, मिरजेला ये, गल्लोगल्ली दवाखाने,
जावयाच्या ओळखीचा आहे एक डोळ्यांचा.
विमानाचं तिकीट केवढ्याला, हे तिने विचारलं नाही,
मीही काढलं नाही.
म्हटलं, बघतो.
शब्द तोंडातून गेला
आणि बराच वेळ जिभेवर तसाच राहिला.

गुरुवारी संध्याकाळी बर्फ पडत असताना वांडा आली.
बूट काढले नाहीत, दारातच उभी.
लोकरी हातमोज्यातून तिने काहीतरी काढलं,
मुठीतल्या चिंचोक्यासारखं.
बाटली. अर्धी.
वर चिकटवलेलं: स्टॅन्ली नोव्हाक. झोपताना. दोन्ही डोळ्यांत.

स्टॅन ऑक्टोबरात गेला.
फ्रिजच्या दारात होती, म्हणाली, टाकवेना.
तारीख संपायला महिना आहे अजून.

मी तुला कधी सांगितलं?
ती बर्फ झटकत राहिली.
सांगायला कशाला हवं.
शेवटी शेवटी तू अख्खी मान वळवून काच बघायचास.
डावीकडचे बुडबुडे दीड वर्ष मीच धरत होते.

आणि गेली.
तिच्या बुटांचं पाणी उंबऱ्याशी साचलं होतं,
ते पुसायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

रात्री खुर्चीत मान मागे टाकून बसलो.
पहिला थेंब गालावर गेला.
मेलेल्या माणसाच्या औषधाचा थेंब,
गालावरून कानापर्यंत, गार.
हलू नका, मंदाकिनी म्हणाली,
आणि अंगठ्याने पापणी वर धरली.
तिच्या हाताला कँटीनच्या साबणाचा वास.

उजव्यातच टाक, म्हटलं, पुरवायची आहे.

तिने बाटली दिव्याजवळ नेली,
चष्मा कपाळावर सरकवून
पुन्हा एकदा नीट वाचली.

दोन्ही म्हटलंय, म्हणाली.